तीर्थनला ट्राउट माशासाठी चाललोय, कुठले निम्फ (पाण्यात बुडणारे नकली किडे) बांधून नेऊ?

वेण्णाकाठ, सातारा

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं मित्र हिमाचलात तीर्थन खोऱ्यात चाललोय. गोवा एक्स्प्रेसनं साताऱ्यातून थेट निजामुद्दीन, तिथून रात्रीची मनालीची बस धरून औटला उतरायचं आणि पुढं बंजार, गुशैणी. बाकीचे तिघं हिंडाय-फिरायला येतायत, रॉड घेऊन जाणारा मी एकटाच, त्यामुळं टोमणे आत्तापासूनच सुरू झालेत.

इथं कण्हेरच्या बॅकवॉटरला ठेकेदाराला विचारून फ्लायवर (गळाला पीस-दोरा बांधून केलेला नकली किडा) चिलापी धरतो, कधीमधी उरमोडीकडं जातो, पण ट्राउट आजवर ताटात पण बघितलेला नाही. व्हाइस (बांधताना गळ धरून ठेवणारा चिमटा) घेऊन वर्ष होत आलं, साध्या फ्लाय बांधता येतात, व्हिप फिनिश म्हणजे शेवटची गाठ जमते, पण हात सावकाश आहे, एक निम्फ बांधायला अर्धा तास जातो. रात्री जेवणं झाली, पोरगी झोपली की तेवढाच काय तो वेळ. आणि यूट्यूब बघून बघून यादी मारुतीच्या शेपटासारखी लांबत चाललीय, फेझंट टेल, हेअर्स इअर, प्रिन्स, कॉपर जॉन, झेब्रा मिज, परडिगोन, फ्रेंची, वॉल्ट्स वर्म, रबरी पायांचा स्टोनफ्लाय, अजून बरंच काय काय. प्रत्येक जण म्हणतोय हा एक तर पाहिजेच!

तर सांगा, यातले नेमके कुठले बांधू, गळ किती नंबरचा, टंगस्टनचे मणी खरंच लागतात का पितळेवर भागतं? आणि सामान इथलं काय काय चालेल? घरात गावच्या जत्रेतलं मोराचं पीस आहे, प्रिन्सला तेच लागतं म्हणे, पण ते वापरलं तर कायद्याचं काही लफडं तर नाही ना?

पंखवाला, मिरज

भावा आधी ती यादी फाड. तीन बांध, पण तिन्ही वेगवेगळ्या वजनात बांध, खरी गोम तिथं आहे.

नदीचं पाणी वर जोरात पळतंय पण तळाला गोट्यांना घासून मंद होतं. ट्राउट बराच वेळ त्या मंद पट्ट्यात, तोंड धारेकडं करून उभा असतो आणि वाहत येईल ते टिपतो, त्याला फुकटची ताकद घालवायची नसते. त्याच्या डोक्यावरनं दोन फूट उंचीनं तुझा देखणा प्रिन्स सुसाट निघून गेला तर तो उठून येईलच असं नाही, आणि साधा तपकिरी काहीतरी त्याच्या नाकासमोरनं सावकाश गेला तर तो तोंड उघडणार. म्हणून पॅटर्न निवडताना पहिला प्रश्न दिसतो कसा हा नाही, बुडतो किती लवकर हा आहे.

आता टंगस्टन. त्याची घनता १९.३, पितळेची साडेआठच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच आकाराचा मणी दुपटीहून जड. तीर्थनसारख्या उताराच्या नदीत एकेक खळगा जेमतेम चार-पाच हात लांब असतो, पितळेचा मणी तळाला पोचेपर्यंत खळगा संपलेला असतो. त्यामुळं जड फ्लायला टंगस्टनच घे, हलक्या फ्लायला पितळ चालतंय, पैसे तिथं वाचव. नंबर मोठा तितका गळ बारीक, तर १४ नंबरच्या गळाला २.८ मिमीचा मणी, १२ ला ३.३, १६ ला २.३, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

माझे तीन सांगतो. एक परडिगोन, १४ नंबर, टंगस्टन. ही स्पेनची चीज, अंगावर केस नाहीत पिसं नाहीत, नुसता दोरा आणि वरून यूव्ही रेझिनचा (दिव्याखाली कडक होणाऱ्या चिकाचा) गुळगुळीत थर, त्यामुळं सुरीसारखी सरळ खाली जाते. दुसरी फेझंट टेल, १४ आणि १६, पितळेच्या मण्यात काही आणि बिनमण्याच्या काही. तिसरी हेअर्स इअर, १२ आणि १४, ही सशाच्या केसांची, केसाळ, तेवढ्याच मण्यात परडिगोनपेक्षा हळू बुडते, आणि तेच पाहिजे असतं कधी कधी. जड खाली टोकाला बांधायची, हलकी तिच्या वर हातभर अंतरावर. टिप्पेट, म्हणजे फ्लायला बांधायचा शेवटचा बारीक दोरा, ५एक्स, जाड घेतलंस तर पाणी दोऱ्यालाच ओढतंय आणि फ्लाय वर तरंगत राहते.

आणि जिग गळ (मण्यापाशी वाकवलेला) घे. टोक वर राहतं, गोट्यात कमी अडकतो. फक्त जिगला खाचेचा मणी लागतो आणि साध्या गळाला साधा, ऑर्डर देताना हे बघून घे, नाहीतर मणी वाकडा बसतो आणि सगळी फ्लाय वाकडी दिसते.

ओढ्यातली, पाटण

मिरजकरांचं वजनाचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण "साधा तपकिरी काहीतरी" यावर मात्र मी भांडणार, कारण मी प्राणिशास्त्र शिकवते आणि पाण्यातले किडे हा माझा आवडीचा विषय 😄

वेण्णाकाठ, तुम्ही तिकडं पोचलात की पहिला तास रॉड बाहेरच काढू नका. गुडघाभर पाण्यातला एक गोटा उचला, उलटा करा आणि बघा. चार प्रकारची मंडळी भेटतील. एक बारीक, निमुळती, चपळ, पाण्यात सुळकन पोहणारी, ही बेटिस जातीची मेफ्लाय, फेझंट टेल म्हणजे हीच. दुसरी चपटी, रुंद डोक्याची, गोट्याला घट्ट चिकटून सरपटणारी, ती पण मेफ्लायच पण हेप्टाजेनिड घराण्यातली, तिच्यासाठी हेअर्स इअर थोडी जाड बांधून बोटानं दाबून चपटी करायची. तिसरी स्टोनफ्लाय, मोठी, कधी कधी बोटाच्या पेरापेक्षा लांब. नवख्या माणसाला मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय सारखीच वाटते, तर शेपट्या मोजा, स्टोनफ्लायला दोन, मेफ्लायला बहुतेक वेळा तीन, आणि तरीही शंका आली तर भिंगातून पायाची नखी बघा, मेफ्लायला एकच, स्टोनफ्लायला दोन. चौथी कॅडिसची अळी, हिरवट किंवा मातकट, गोट्यांच्या फटीत जाळं विणून बसलेली, आणि काही जाती वाळूच्या कणांचं घरटं करून त्यात राहतात.

जे जास्त दिसेल त्याच आकाराचं आणि त्याच रंगाच्या छटेचं बांधलेलं डबीतून काढायचं. रंगापेक्षा आकार महत्त्वाचा, हे मात्र मी पण मान्य करते.

हे सगळं तिकडं जाऊनच बघायला पाहिजे असं नाही हं. याच घराण्यातले किडे आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत पण आहेत, जाती वेगळ्या पण घडण तीच. पाऊस ओसरला की मेढ्याच्या वरच्या अंगाला एखाद्या वाहत्या ओढ्यात जाऊन गोटे उलटे करा, पोरीला पण घेऊन जा, तिला मजा येईल. फक्त कोयना अभयारण्याच्या हद्दीत शिरू नका आणि गोटा होता तसा परत ठेवा, त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं.

मिरजकरांच्या तिनांत माझ्या दोन टाका: १० नंबरचा काळपट स्टोनफ्लाय आणि १४ चा हिरवट कॅडिस. हिमालयातल्या त्या मोठ्या गोट्यांच्या नद्यांत स्टोनफ्लाय न नेणं म्हणजे माझ्या मते आळस आहे.

सामानाचं. रानससा कायद्यानं संरक्षित आहे, कुणी कातडं देतो म्हणालं तरी घेऊ नका, तितराचं पीस पण नको. तिकडं डोंगरात कुणी मोनाल, कालिज यांची पिसं दाखवील, ती तर हातात पण धरू नका. मोराचं वेगळं आहे, मोर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सगळ्यात कडक परिशिष्टात आहे पण त्याची आपोआप झडलेली पिसं देशात बाळगायला मुभा आहे, परदेशी पाठवायला बंदी. वासुदेवाच्या टोपीला चालतात तशी तुमच्या प्रिन्सला पण चालतील.

सशाच्या केसाला माझा पर्याय दख्खनी मेंढीची काळी लोकर. म्हसवडच्या बाजूला घोंगडी विणणाऱ्यांकडं मागितली तर मूठभर कुणी पण देईल. राठ असते, केस बाहेर येतात, नेमकं तेच हवं. स्टोनफ्लायचं अंग तर हिच्याशिवाय मी बांधतच नाही. पण आधी साबणाच्या कोमट पाण्यात दोन-तीनदा धुवा, लोकरीत तेल असतं, ते राहिलं तर फ्लाय बुडायच्या ऐवजी तरंगते.

नादखुळा, सांगली

आरं लका कशाला एवढ्या लांब जाताय 😂 आयर्विन पुलाखाली ये, गांडूळ लाव, वाम काढ, घरी कालवण. ना व्हाइस ना टंगस्टन.

बरं मस्करी राहूद्या, माझ्या कामाची एक गोष्ट दिसली म्हणून लिवतो. माझं रिवाइंडिंगचं दुकान हाय आणि हे मिरजकर मधनंमधनं माझ्याकडनं तांब्याची तार घिऊन जात्यात, मला आधी वाटलं पोरगं कायतरी रेडिओ बिडिओ बनवतंय. तर तार घेताना पंपाच्या मोटरीची घिऊ नका, ती लई जाड. सिलिंग फॅनच्या कॉइलची ३६ गेज घ्या, दोन दशांश मिलीमीटरच्या जरा आतच बसती, आन् १६ नंबरसाठी ३८ किंवा ४० मिळाली तर बघा. वरचं इनॅमल खरवडायचं न्हाई, त्यानंच तो लालसर तपकिरी रंग येतो. जळालेल्या कॉइलची तार फुकट दिली तरी घिऊ नका, ती ठिसूळ झालेली असती, ताण दिला की तुटती.

पंखवाला, मिरज

हा बघा आला माझा सप्लायर. फुकट कधीच दिली नाही पण.

तारेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, फेझंट टेलचं मूळ तारेतच आहे. इंग्लंडात एव्हन नदीवर राखणदार होता फ्रँक सॉयर, त्यानं दोरा वापरलाच नाही, नुसत्या बारीक तांब्याच्या तारेनं पीस बांधलं. वजन पण तारेचंच, रंग पण तारेचाच. मणी नव्हता तेव्हा. आज आपण मणी, दोरा, चमकीचा कॉलर सगळं लावून तिला नटवतो, पण मूळची दोन वस्तूंची आहे. वेण्णाकाठ, तुझ्यासारख्या सावकाश हाताला हीच बरी, पीस आणि तार बस. पीस मात्र दुकानातलं मागव, इथं फेझंट नाही. टर्कीच्या पिसाचे तंतू चालतात, जरा जाड येतात म्हणून १२-१४ ला वापर, १६ ला नको.

मिरजेत राहून सतारमेकर गल्ली सोडली असं होईल का, सतारीची पितळी तार पण गळावर लावून बघितलीय. दिसते झकास पण कडक असते, सोडली की स्प्रिंगसारखी उसळते. तांबंच बरं.

दोरा: फ्लायचा ७० डेनियरचा मागवला तर उत्तमच, पण इचलकरंजीत यार्नच्या दुकानात ७५ डेनियर पॉलिएस्टर फिलामेंट मिळतं, जवळपास तेच. पीळ नसतो म्हणून चपटं बसतं, परडिगोनला हेच पाहिजे. शिवणकामाचा दोरा नको, १६ नंबरवर त्याचा नुसता ढिगारा होतो.

आबा, वाई

तुम्ही मंडळी जड जड काय करत बसलाय. सप्टेंबरअखेर म्हणजे पाऊस परतायला लागलेला, पाणी उतरतंय आणि नितळ व्हायला लागतंय. नितळ उथळ पाण्यात हा टंगस्टनचा गोळा डुबुक करून पडला की आसपासचा मासा पसार. मी कितीतरी वर्षं तिकडं जातोय, त्या दिवसांत मला बिनमण्याच्या हलक्या फ्लायनंच जास्त मासा दिलाय. गावठी कोंबडीच्या मऊ पिसाचा एक वेढा मानेला दिला, अंगाला मोराच्या पिसाचे दोन-तीन तंतू पिळून गुंडाळले, झाली फ्लाय. मोराचा तंतू नाजूक असतो, माशाच्या दातानं तुटतो, म्हणून तारेबरोबर पीळ देऊन गुंडाळायचा. पाण्यात पिसाचे केस हलतात आणि ते जिवंत वाटतं. तुमच्या परडिगोनमध्ये काय हलतं?

दुसरं, तिकडचा ट्राउट मुळात इथला नाहीच, इंग्रजांनी १९०९ साली कुल्लूत आणून सोडला. तीर्थनला मुख्यतः ब्राउन. तो थंडीच्या तोंडावर अंडी घालतो म्हणून हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते. तुम्ही वेळेत आहात, पण ऑक्टोबर लागला की मासा वरच्या बाजूला बारीक खडीत सरकायला लागतो. उथळ पाण्यात स्वच्छ घासल्यासारखा खडीचा पट्टा दिसला तर त्यात पाय घालू नका. परवाना मत्स्य विभागाचा घ्या, त्यावरच्या अटी वाचा, गळाचा काटा पक्कडीनं दाबून टाका. सोडायचा मासा असेल तर ओल्या हातानं धरायचा.

पंखवाला, मिरज

आबा तुमच्या अनुभवापुढं मी काय बोलणार, पण परतीचा पाऊस लांबला तर? एखाद्या साली सप्टेंबर संपेपर्यंत पाणी भरलेलं आणि गढूळ असतं, तेव्हा तुमची मऊ पिसाची फ्लाय दिसणार पण नाही आणि बुडणार पण नाही. मी म्हणतोय ते जडच वापर असं नाही, जड पण बरोबर ठेव असं आहे.

आबा, वाई

ते मान्य. मग असं करा, पाण्यात उभं राहून गुडघ्याखाली स्वतःचा बूट स्पष्ट दिसतोय का बघायचं. दिसला तर हलकी, लांबून, वरच्या बाजूला टाकायची. नाही दिसला तर मिरजेची जड घ्यायची. आणि खोल डोह असला तर कुठल्याही पाण्यात जडच, तिथं माझी पण काही हरकत नाही.

ओढ्यातली, पाटण

आबा, तुमची ती मऊ पिसाची फ्लाय म्हणजे वर येऊन पंख फोडायच्या बेतातला किडा. कॅडिस आणि मेफ्लाय दोन्ही वर येताना अशाच धडपडत येतात आणि तेव्हा मासा तळ सोडून मधल्या पाण्यात येतो. म्हणजे संध्याकाळी तुमची आणि दुपारी मिरजकरांची, भांडणच मिटलं.

वेण्णाकाठ, सातारा

सगळ्यांचे आभार, आता डोक्यात उजेड पडला. यादी फाडली. ठरलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. परडिगोन १४ जिगवर टंगस्टन, फेझंट टेल १४ आणि १६ सॉयरच्या पद्धतीनं नुसती तार आणि पीस, थोड्या पितळी मण्यात. दख्खनी लोकरीचा स्टोनफ्लाय १० वर टंगस्टन, आणि आबांची मऊ पिसाची १४. हेअर्स इअर आणि कॅडिस दोन्हीला वेळ पुरणार नाही म्हणून लोकरीत थोडं हिरवं मिसळून एकच केसाळ काहीतरी १४ वर बांधतो, दोघांचं काम करेल असं वाटतंय. प्रिन्स राहिला, त्याला ते हंसाच्या पिसाचे काटे लागतात, मला जमत नाहीत.

एक शंका राहिली. यूव्ही रेझिनची बाटली आणि टॉर्च दोन्ही महाग आहेत, बायको म्हणते तिच्या नेलपॉलिशच्या जेलला पण असलाच दिवा लागतो. ते चालेल का? आणि वजनासाठी सोल्डरची तार मण्यामागं गुंडाळली तर टंगस्टन वाचेल का?

पंखवाला, मिरज

हिरवी-काळी लोकर मिसळायची आयडिया झकास, मी पण करून बघणार.

नेल जेलचा वरचा पारदर्शक कोट चालतो, मी पण तोच वापरतो, वहिनींना विचारून घे फक्त. एकदम जाड थर देऊ नको, आतला ओला राहतो. पातळ थर, दिव्याखाली धर, परत पातळ थर, परत दिवा. दिवा नसेल तर कडक उन्हात पण धरतं. वरून चिकट लागलं तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून टाक. आणि जेल लावायच्या आधी तारेचे आणि दोऱ्याचे वेढे मण्याकडं वाढत जाणारे, शेपटीकडं निमुळते ठेव, मध्ये खड्डा राहिला तर जेल तिथं साठतं आणि अंग फुगतं.

सोल्डरमध्ये शिसं असलेली तार घेतलीस तरी तिच्यात कथिल मिसळलेलं असतं, नेहमीची ६०-४० ची तार साडेआठच्या आसपासच भरते, आणि वर ते शिसं नदीत तुटून पडणार, मला ते पटत नाही. बिनशिशाची घेतलीस तर ती जवळपास सगळी कथिल, सव्वासातच्या आसपास, म्हणजे तांब्यापेक्षा पण हलकी, तांबं पावणेनऊच्या वर आहे. मग तांब्याचेच दोन थर दे की.

नादखुळा, सांगली

साताऱ्यासनं सांगलीला येणार आसशील तर दुकानात ये, ३६ आणि ४० दोनी गेजची बारकी गुंडी काढून ठेवतो. सोमवारी बंद असतंय. मिरजकरांकडनं पैशे घेतो, तुझ्याकडनं न्हाई, पण तिकडनं आल्यावर फोटू टाकायचा.